शिपायाचा दांडू

आमच्या पाड्यावर ‘शिपाय’ हा शब्द हळू बोलायचा नव्हताच. तो ओरडायचा शब्द होता. टेकाडावर गुरं राखणाऱ्या कुणाला तरी वाटेवर पागोटं दिसायचं, तो तिथूनच हाळी द्यायचा आणि खाली जो जिथं असेल तो तिथून उठून रानात. आधी बाप्ये, कारण सापडले तर कुणाचं तरी ओझं डोक्यावर घेऊन जव्हारपर्यंत चालावं लागेल ही भीती. मागून बाया, कडेवर पोरं. चुलीवरची आंबील तशीच खदखदत राहायची. शिपाई यायचा, मोकळ्या घरांकडं बघायचा, पळता न येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याकडून पाणी मागून प्यायचा नि निघून जायचा. तो गेल्याचं आम्हाला कळणार कसं? म्हणून आम्ही अर्धा अर्धा दिवस करवंदीच्या जाळीत गप्प बसून असू. मला ते बसणं जमत नसे. पाय शिवशिवायचे. आयो, माझी आई, माझ्या मांडीवर हात दाबून धरायची, तो हात मला अजून कधीकधी जाणवतो.

ही दरबारच्या राज्यातली गोष्ट. जव्हारला महाराज, आणि आमच्या पाड्यापलीकडं ओढा ओलांडला की मोखाड्याकडची इंग्रजांची हद्द. त्या हद्दीवर, वाट वळते तिथं, कुडाची एक चौकी होती. कितीतरी वर्षं रिकामीच. आत शेळ्या बसायच्या. मी नऊ-दहा वर्षांची असेन, त्या साली दिवाळी सरल्यावर एक शिपाई तिथं राहायलाच आला. येऊन जाणारा शिपाई निराळा आणि राहणारा निराळा. राहणाऱ्यापासून किती दिवस पळणार? पहिले दोन दिवस पाडा रानात होता. तिसऱ्या दिवशी भात झोडायचं होतं, ते थांबत नाही. माणसं खाली मान घालून परत आली आणि कामाला लागली.

आम्हा पोरांचं खेळायचं शेत नेमकं चौकीच्या खालच्या अंगाला. कापणी झालेली, जमीन टणक, विटीदांडूला याहून चांगली जागा नाही. पोरींनी दांडू धरू नये म्हणत, पण पाड्यावर पोरं थोडी, पोरी जास्त, मग डाव जमणार कसा? मी धरायची. चांगला धरायची. चौथ्या का पाचव्या दिवशी माझीच विटी उडाली ती थेट चौकीच्या दारात जाऊन पडली, नि आतून शिपाई बाहेर आला. आम्ही दांडू टाकून पळालो. भाताच्या भाऱ्यांच्या उडव्यामागं लपून मी एकटी बघत राहिले. त्यानं विटी उचलली, फिरवून बघितली. चेहरा देवीच्या वणांनी भरलेला, नाचणीची भाकरी भाजताना फुटते तसा. आमचा टाकलेला दांडूही उचलला. तो मोडका होता, साध्या फांदीचा. घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या दगडावर आमची विटी ठेवलेली आणि शेजारी नवा दांडू. सागाचा, तासून गुळगुळीत केलेला, टोकाला हात घसरू नये म्हणून सुतळी गुंडाळलेली.

त्याला कुणी हात लावीना. पोरं लांबून वळसा घालून जायची. एक म्हणे त्यात मंत्र भरलाय, एक म्हणे उचलला की तो दावं लावून धरणार. मला त्या तीन-चार दिवसांत झोप नीट लागली नाही, खोटं कशाला सांगू. शेवटी एका सकाळी गुरांना सोडायला जाता जाता मी तो उचलला आणि चालत राहिले. मागं बघितलं नाही. मागून आवाज आला, ‘जरा खाली धर. अगदी टोकाला धरू नको.’ एवढंच.

असा तो आमच्यात आला. आधी दारात बसून बघायचा. मग विटी कुठं पडली त्यावरून भांडण झालं की त्याला विचारायचं. मग तोच भांडायला लागला. पागोटं काढून आंब्याच्या फांदीला अडकवायचं आणि शेतात उतरायचं, हा त्याचा रिवाज. पागोटं फांदीवर असलं की तो आमचा, डोक्यावर असलं की दरबारचा, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. माणूस घाटावरचा, बोली जरा निराळी, पण आमचं अरे-तुरे त्यानं कधी मनावर घेतलं नाही. आम्ही तर सगळ्यांनाच अरे-तुरे करायचो, देवाला करायचो तर शिपायाला काय. मला तो ‘म्होरके’ म्हणायचा.

खेळात मात्र तो कच्चा होता. हरला की लंगडी घालत परत यायचं, असा आमचा नियम. तो हरायचाच. एवढा थोराड माणूस एक पाय उचलून धापा टाकत बांधापर्यंत यायचा आणि पोरं मागून चिडवत पळायची, ‘शिपाय लंगडा, शिपाय लंगडा.’ वर खळ्यावर भात झोडणारी माणसं हात थांबवून बघायची. हसायची नाहीत. आयो तर तोंडच फिरवायची.

आता ते मोजणं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विटी जिथं पडली तिथून गल्लीपर्यंत, म्हणजे विटी ठेवायच्या खळगीपर्यंत, दांडूनं जमीन मोजत यायचं. दर दांडूला एक शब्द. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वाय, झक्कू. सात झाले की पुन्हा वकट. माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला बारका म्हणायचो, त्याचं तिसरं सरत आलं होतं. त्याला खेळता येत नव्हतं, पण कडेवरून उतरायला कायम धडपडायचा. शिपायानं त्याला काम दिलं. सहा शब्द आम्ही म्हणायचे, सातवा बारक्याचा. ‘वाय’ म्हणून सगळे थांबायचो, शिपाई कानामागं हात धरायचा, आणि बारका अख्खं अंग हलवून म्हणायचा, ‘झक्कू.’ त्याशिवाय पुढं मोजायचं नाही. कधी तो मुंग्यांकडं बघत बसलेला असला तर सगळा डाव त्याच्यासाठी थांबून राहायचा. घरीसुद्धा कुणी तांदूळ पाखडताना सहज ‘वाय’ म्हटलं तरी हा कुठून तरी ‘झक्कू’ द्यायचा.

आयोला हे मुळीच पसंत नव्हतं. बा त्या दिवसांत कूपतोडीला, जंगलातली झाडं तोडायला, लांब गेला होता, घरात तीच. ती मला म्हणाली, ‘शिपाय फुकटचा खेळत नाय, बाय. तो कायतरी न्यायलाच आलाय.’ मी म्हटलं, आपल्याकडं काय आहे न्यायला? तिनं बारक्याचं डोकं नुसतं आपल्या पोटाशी घट्ट धरलं.

माझ्या वर एक बहीण होती. मी तिला पाहिलेली नाही. ती चालायला लागली त्या साली देवी काढणारा डॉक्टर आला होता, त्यानं तिच्या दंडावर टोचलं आणि आठ-दहा दिवसांत ती तापानं गेली. ताप टोचण्याचा होता की हिवाचा, कुणाला ठाऊक. आयोच्या लेखी एकच गोष्ट होती: आपण होऊन देवीला अंगात बोलावलं आणि ती पोरीला घेऊन गेली. त्या डॉक्टरला पाड्यावर टोच्या म्हणत. टोच्या हा शब्दही ओरडण्यातलाच.

एकदा थंडीत आम्ही शेकत बसलो होतो तेव्हा पोरांनी शिपायाला विचारलं, तुझ्या तोंडाला काय झालं? तो म्हणाला, देवी. आम्ही घरात दोन भाऊ होतो, दोघांनाही काढलेली नव्हती. मग काटकीनं राख उकरत बसला. एका पोरानं विचारलं, दुसरा कुठं असतो? तो म्हणाला, ‘मी उरलो ना.’ त्यानंतर तो आमचे दंड बघायला लागला. सहज, विटी देताघेता. तुझ्यावर खूण आहे का, तुझ्यावर? मागं कधीतरी काढलेली एक-दोघांची सोडली तर कुणावरच नव्हती. घरात लहान कोण, कडेवर कोण, पाळण्यात कोण, तेही विचारायचा. आम्ही सांगायचो. आम्हाला वाटायचं, त्याला आमचं कौतुक आहे.

मग मोखाड्याच्या बाजारातून बातमी आली की त्या बाजूला देवी उतरलीय. दोन घरं धरली म्हणे, मग चार म्हणे. आणि एका दुपारी शिपायानं मला आंब्याखाली बोलावलं. पागोटं डोक्यावर होतं. म्हणाला, ‘म्होरके, परवा डॉक्टर येईल. पोरं तुझं ऐकतात. सगळ्यांना आण. मुंगी चावल्यासारखं होतं, बास.’ मी विचारलं, टोच्या? तो म्हणाला, हो.

घरापर्यंतची वाट मी पळत आले की चालत, आठवत नाही. मी आयोला सांगितलं. न सांगून चाललं असतं का, हा विचार मी पुढं कितीदा तरी केला. शिपायानं विश्वासानं सांगितलेलं मी घरी सांगितलं, मग घरून सांगितलेलं मी दुसऱ्याच तऱ्हेनं मोडलं. कुणाची होते मी तेव्हा, मलाच कळत नव्हतं.

आयोनं आधी बारक्याला माहेरी न्यायचं मनात आणलं. माहेर मोखाड्याकडं, जिथं देवी उतरलेली. आणि वाट चौकीवरून. दोन्हीकडून कोंडल्यासारखी ती अंगणात फेऱ्या मारत होती, उन्हात, डोक्यावर पदर नाही. डॉक्टर यायच्या दिवशी सकाळी तिनं घरातल्या रिकाम्या कणगीत गोधडी टाकली, बारक्याला गुळाचा खडा दिला, आत बसवलं आणि वर सूप झाकलं. मला म्हणाली, ‘तू जा खेळायला. तू थोर झालीस, तुला सोसेल. गेली नाहीस तर संशय येईल.’

मी गेले. डॉक्टर आला होता, डोक्याला टोपी, पेटी एका माणसाच्या डोक्यावर. बरोबर जामसरकडची एक बाई, तिच्या कडेवर मुलगी, त्या मुलीच्या दंडावर आठ दिवसांपूर्वी काढलेली देवी टपोरी फुगलेली. तेव्हा असंच करायचे, एकाच्या दंडावरचं पाणी सुईच्या टोकावर घेऊन दुसऱ्याच्या दंडावर ओरखडे काढायचे. डॉक्टरला आम्ही ‘तू कुठला रं’ असं विचारलं तर तो चिडला, शिपाई हसला. शिपायानं पहिल्यांदा मला पुढं केलं. मी हात दिला. मुंगीपेक्षा जास्त लागलं, पण मी ओठ हलवला नाही, कारण पोरं बघत होती. मग एकेक करून सगळी आली. खरं सांगते, एकही पळालं नाही. वर खळ्यावरची माणसं रानाच्या तोंडाशी उभी होती, त्यांना हे कळेचना, की आपली पोरं आपल्या पायानं कशी चाललीत.

संपल्यावर शिपायानं डॉक्टरच्या कागदाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. ‘बारका?’

मी म्हटलं, मामाकडं गेला. तो म्हणाला, कुठल्या वाटेनं? चौकीवरून गेला असता तर मला दिसला असता. त्यानं मला पुन्हा विचारलं नाही. दांडू उचलला, आमचा तोच, सुतळी गुंडाळलेला, आणि पाड्याकडं निघाला. पोरं मागून, त्यांना वाटलं खेळच चाललाय. आमच्या अंगणाच्या कडेला तो थांबला आणि जमिनीवर दांडू टेकत, मोठ्यानं, नेहमीच्याच सुरात मोजायला लागला. वकट. लेंड. पोरांनी साथ धरली. मूंड. नाल. मला समजलं तेव्हा ‘आर’ झालं होतं. मी पोरांना ओरडून थांबवायला हवं होतं. वाय.

सगळे थांबले. त्यानं कानामागं हात धरला.

आयो दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला. तिच्या मागून, घरातून, कणगीतून घुमत आलं, ‘झक्कू.’

पोरं हसली. शिपाई हसला नाही. आयो बाजूला झाली. त्यानं स्वतः आत पाऊल टाकलं नाही, ते मी सांगायला पाहिजे. मला म्हणाला, तू आण. मी सूप उचललं. बारका गुळानं चिकट झालेले हात वर करून उभा होता, आपण मोठी गंमत केली म्हणून खूष. मी त्याला बाहेर आणला. डॉक्टरनं अंगणातच त्याच्या दंडावर ओरखडे काढले. तो रडला त्यापेक्षा जास्त शिपायाकडं बघत राहिला, वळून वळून.

ते लोक वळणापलीकडं गेले न गेले तोच आयोनं त्याला उचललं आणि परसात नेलं. राख आणि पाणी घेऊन तिनं तो दंड धुतला, पुन्हा धुतला, लुगड्याच्या टोकानं चोळला, कातडी लाल होईपर्यंत. मी कुडाच्या फटीतून बघत होते. तिला मी बघतेय हे ठाऊक होतं.

ते पुढचे दिवस. काय सांगू. आयो माझ्याशी बोलत नव्हती. भाकरी समोर सरकवायची, बास. पोरांनी खालच्या शेतात जाणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच सोडलं. शिपाई आंब्याखाली बसून असायचा, पागोटं फांदीवर, आणि शेतात कुणी नाही. मी पाणी आणायला जाताना त्याच्या नजरेला पडू नये म्हणून लांबच्या वाटेनं जायची. बारका खेळायचा, जेवायचा, पण कुणी ‘वाय’ म्हटलं की तोंड मिटून बसायचा.

आणि माझा दंड ठणकायला लागला. लाल झाला, फुगला, मधे मोत्यासारखं पाणी धरलं. सगळ्या पोरांचे तसेच. बारक्याचा दंड मात्र गुळगुळीत. मी रोज बघायची. मोखाड्याकडून रोज काहीतरी कानावर यायचं. शिपायाला सांगावं की आयोनं धुतलं? मग तो पुन्हा टोच्याला आणणार, पुन्हा अंगण, पुन्हा आयो चौकटीत उभी. न सांगावं? मग देवी ओढा ओलांडून आली तर? तो वणांचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा, आणि ‘मी उरलो ना.’ मी भांडी घासताना तेच भांडं दोनदा घासायची. नाचणी दळताना जातं थांबवून उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची.

पोरांनी तेव्हा नवा खेळ काढला होता, टोच्या-टोच्या. एक डॉक्टर व्हायचा, बाकीचे रांगेत, गवताच्या काडीनं दंड खरवडायचा. मी ते बघत होते. आणि माझ्या डोक्यात आलं, की काडी कशाला? जामसरच्या मुलीच्या दंडावर जे होतं ते आता माझ्याही दंडावर आहेच की.

सातव्या दिवशी दुपारी आयो लाकडं आणायला गेली. मी बारक्याला उडव्याच्या सावलीत नेलं, करवंदीचा काटा घेतला, माझ्या दंडावरचा फोड फोडला आणि त्याच्या दंडावर, जुन्या ओरखड्यांच्या जरा खाली, डॉक्टरनं केलं तसं केलं. तो किंचाळला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं हात हिसकला नि एक ओरखडा कोपरापर्यंत गेला. आयोला सांगितलं, जाळीत शिरला होता. तिनं रक्त पुसलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दंड बघायला आला. बारक्याचा बघून म्हणाला, याची उठली नाही. खालचे नवे ओरखडे दिसले तेव्हा म्हणाला, हे काय? मी म्हटलं, काटे लागले. शिपाई माझ्या दंडाकडं बघत होता. माझा फोड फुटलेला होता. तो डॉक्टरला म्हणाला, पोर लहान आहे, पंधरवड्यानं पुन्हा बघा. डॉक्टरलाही पुढं जायचं होतं. तो गेला.

शिपायानं मला ओढ्यावर गाठलं. हंडा माझ्या डोक्यावर होता, तो उतरवूसुद्धा दिला नाही. विचारलं, काटा कसला होता? करवंदीचा. धुतला होतास? नाय. त्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला, अख्ख्या त्या काळात एकदाच. हात सडला असता पोराचा, म्हणाला, जीव गेला असता, तुला काय कळतं? मी रडले नाही. हंड्यातलं पाणी तेवढं हिंदकळून अंगावर आलं. मग मीच त्याला विचारलं: ‘तू आमच्याशी खेळायचास तो त्यासाठीच ना?’

तो दगडावर बसला. ओढ्याकडं बघून म्हणाला, ‘पोरांना धरून आण म्हणून पाठवलं होतं. मी म्हटलं, धरायचं नाही, खेळून बघतो.’ आणि मग, ‘लंगडी घाल असं कुणी सांगितलं नव्हतं.’

हे उत्तर झालं का? मी तेव्हापासून ते उलटसुलट करून बघतेय.

चार-पाच दिवसांत बारक्याच्या दंडावर, खालच्या ओरखड्यांपैकी एकावर, फोड उठला. मी घाबरून त्याचा हात झाकून ठेवायची, आयोनं पाहिलं तर ती पुन्हा राख घेईल. तिनं पाहिलंच. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. आयोनं तो फोड जवळून बघितला, आणि सावकाश त्याच्यासमोर बसली. हात जोडले. टोच्यानं काढलेली तिनं धुऊन टाकली होती, ते तिला पक्कं ठाऊक. मग ही आली ती देवी आपल्या पायानं चालत आली. माणसानं ओरखडलेलं धुता येतं, आपण होऊन दारात आलेल्या देवीला कोण धुणार? देवी घरात आली की पाळतात तसं तिनं घर सारवलं, दाराला डहाळी लावली, फोडणी बंद केली, कुणाला बाहेरून घरात येऊ देईना. बारक्याचा तो हात तिनं दहा दिवस असा जपला, की उडत्या माशीलासुद्धा शिवू दिलं नाही. खपली धरली, पडली. ती खपली तिनं ओढ्यात सोडली, फुलं वाहून.

आणि माझ्याशी बोलायला लागली. म्हणाली, ‘बघ, तिनं पोराला हात लावला नि सोडून दिलं.’

मी सांगितलं नाही. तेव्हा नाही, पुढंही नाही. चैत्रात देवी खरंच ओढा ओलांडून आली, खालच्या पाड्यावर रडारड झाली. आमच्या पाड्यावर एका म्हाताऱ्याला धरलं. पोरं राहिली. पाडा म्हणे टोच्यामुळं, आयो म्हणे देवी आमच्या घरी आधीच येऊन गेली होती म्हणून. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. मला म्हणायचं तरी काय होतं? रात्रंदिवस मी बारक्याच्या कपाळाला हात लावत हिंडत होते, तो वैतागून पळायचा.

पावसाआधी शिपायाची बदली झाली. त्यानं कुणाला सांगितलं नाही, वळकटी खांद्यावर दिसली तेव्हा कळलं. आमच्या अंगणावरूनच वाट. आयो दारात होती, ती आत गेली नाही. तेवढंही पुष्कळ होतं. बारका माझ्या मागं. शिपाई थांबला. पागोटं डोक्यावर होतं, ते त्यानं काढलं नाही, पण बोटानं हवेत मोजलं, हळू आवाजात: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वाय. आणि थांबला. कानामागं हात नेला नाही, नुसता थांबला.

बारक्यानं माझ्या परकरात तोंड घातलं. मी त्याच्या ऐवजी म्हणू शकले असते. माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो शब्द माझा नव्हता.

शिपाई मग मान हलवून चालायला लागला. तो वळणाला पोचला असेल, तेव्हा माझ्या गुडघ्याशी, अगदी बारीक आवाजात, बारका म्हणाला, ‘झक्कू.’

मी पळाले. बांधावरून, दगडांवरून, त्याला सांगायचंच होतं. टेकाडावर पोचले तर तो समोरच्या चढाला लागलेला, लांब, पण हाक पोचेल इतका. हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. सहा-सात महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं. एकच शब्द होता माझ्याकडं. मी छाती फुटेस्तोवर ओरडले, ‘शिपाऽय.’

खाली पाड्यात गलका झाला. बाया पोरं उचलून रानाकडं धावल्या, भांडी वाजली, कोंबड्या उडाल्या. आयो बारक्याला घेऊन जाळीकडं पळताना मला वरून दिसली. आणि समोरच्या चढावर तो चालतच राहिला. एकदाही वळला नाही. ही हाळी त्यानं आमच्या टेकाडांवर किती वेळा ऐकली असेल. ती ऐकून मागं बघायचं नसतं, हे तो केव्हाच शिकला होता.